साखळीचा हंगाम आणि शहराचे नाव : २०१३-१४ची आय-लीग व बंगळूरचे जयनगर

मराठी क्रीडापत्रकारितेने 'लीग' या शब्दासाठी 'साखळी' आणि 'नॉकआउट'साठी 'बाद' हे प्रतिशब्द रूढ केले, तेव्हा दोन स्पर्धापद्धतींबरोबरच कथनाच्या दोन रीतींनाही नावे मिळाली. बाद पद्धतीत पराभव हा कथेचा शेवट असतो. साखळीत तो एक दुवा असतो. पुढचा दुवा त्याचा अर्थ बदलू शकतो. या साखळीच्या कालखंडाला मराठीत 'हंगाम' म्हणतात, आणि हा शब्द शेतशिवारातून आलेला आहे. पेरणीचा हंगाम, सुगीचा हंगाम, आंब्याचा हंगाम. ज्याच्या अखेरीस पीक पदरात पडते किंवा पडत नाही असा काळाचा तुकडा, हा त्याचा मूळ भाव खेळाच्या भाषेतही टिकून आहे. एखाद्या फुटबॉल हंगामाचा इतिहास लिहायचा म्हणजे विजेत्याचे नाव आणि गुणतक्ता नोंदवायचा, अशी समजूत प्रचलित आहे. परंतु पीक कोणाच्या जमिनीत आले आणि ती जमीन त्याआधी कोणी कसली होती, हे प्रश्न गुणतक्ता विचारत नाही.

भारतीय फुटबॉलच्या अव्वल राष्ट्रीय साखळीतील २०१३-१४चा हंगाम या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. या हंगामात 'बेंगळुरू एफसी' हा संघ पदार्पणातच विजेता ठरला. जुलै २०१३मध्ये स्थापन झालेल्या संघाने एप्रिल २०१४मध्ये देशाचे अजिंक्यपद मिळवावे, ही घटना लोककथेतील उपजत पराक्रमी बालकाची आठवण करून देणारी आहे, आणि ती बहुधा त्याच साच्यात सांगितली गेली. हा साचा आकर्षक आहे, पण उपजत पराक्रमी बालकाला पूर्वज नसतात. निदान कथेला त्यांची गरज वाटत नाही. येथे मुद्दा आहे तो या वगळलेल्या पूर्वजांचा.

प्रथम हंगामाचा तपशील. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या संघांना खालच्या श्रेणीतून न चढता थेट प्रवेश देण्यासाठी बोली मागवल्या होत्या. त्यातून मुंबईत मुख्यालय असलेल्या जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाला बंगळूरचा संघ मिळाला. मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात घडलेले इंग्रज प्रशिक्षक अ‍ॅशली वेस्टवूड यांची नेमणूक झाली, आणि कर्णधारपद सुनील छेत्री यांच्याकडे आले. २२ सप्टेंबर २०१३ रोजी अशोकनगरातील बंगलोर फुटबॉल स्टेडियमवर मोहन बागानविरुद्ध पहिला सामना झाला. तो १-१ असा बरोबरीत सुटला. संघाचा पहिला गोल ऑस्ट्रेलियाच्या शॉन रूनी यांचा. त्यानंतर शिलाँगच्या रांगदाजिएद युनायटेडविरुद्ध ३-० असा पहिला विजय मिळाला. २१ एप्रिल २०१४ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर डेम्पोला ४-२ असे हरवून, एक सामना शिल्लक असतानाच बेंगळुरूने विजेतेपद निश्चित केले.

तेरा संघ, प्रत्येकाचे चोवीस सामने, एकूण १५६ लढती. संघांची संख्या विषम असल्याने प्रत्येक फेरीत कोणीतरी एक संघ विश्रांतीवर असणार, आणि म्हणून हंगामाच्या मध्यावर गुणतक्ता कधीच पूर्ण खरे सांगत नसे. बेंगळुरूने चौदा सामने जिंकले, पाच बरोबरीत सोडवले, पाच गमावले. गुण झाले ४७. दुसऱ्या क्रमांकावरील ईस्ट बंगालचे ४३, तिसऱ्या साळगावकरचे ४०. शक्य असलेल्या ७२ गुणांपैकी जेमतेम दोनतृतीयांश गुण मिळवणारा हा विजेता दिग्विजयी नव्हता. पाच वेळा हरूनही तो पहिला आला, कारण साखळी पराभवाला क्षमा करते आणि सातत्याला मोबदला देते. बाद पद्धतीच्या चषकात यांपैकी कोणताही एक पराभव त्याची कथा संपवू शकला असता. छेत्री यांनी चौदा गोल केले आणि कॉर्नेल ग्लेन व डॅरिल डफी यांच्यासह सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. आदल्या हंगामात हेच छेत्री विजेत्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळत होते. म्हणजे संघ नवजात असला तरी त्याचा नायक मागच्या कथेतूनच आला होता.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या हंगामातील सर्वांत बोलकी संहिता म्हणजे तेरा संघांच्या नावांची यादी. मोहन बागान (१८८९) हे उत्तर कलकत्त्यातील एका वाड्याच्या बागेचे नाव. मोहमेडन स्पोर्टिंग (१८९१) हे धर्मसमुदायाचे. ईस्ट बंगाल (१९२०) हे गंगेपलीकडच्या प्रदेशाचे, पुढे फाळणीनंतर हरवलेल्या गावांचे नाव ठरलेले. डेम्पो, साळगावकर, चर्चिल ही गोव्यातील घराण्यांची नावे. यांतील डेम्पो घराणे मराठी वाचकाला फुटबॉलखेरीज 'नवप्रभा' या दैनिकामुळेही परिचित आहे. शिलाँगच्या संघाच्या नावातील 'लाजोंग' या खासी शब्दाचा अर्थ 'आपला स्वतःचा'. आणि मग तीन संघ असे की ज्यांना बाग नाही, समुदाय नाही, घराणे नाही. नुसते शहर आहे : पुणे, मुंबई, बेंगळुरू. तिन्ही उद्योगधंद्यांच्या पैशावर उभे होते, पण त्यांनी मालकाचे नाव अंगावर न घेता शहराचे घेतले. भारतीय फुटबॉलच्या नामकरणातील हे वळण लहान नाही. महिंद्र, जेसीटी, एअर इंडिया, हिंदुस्थान एरोनॉटिक्स या संघांच्या काळात मालक उघड होता आणि प्रेक्षक पाहुणा होता. नव्या नावाने प्रेक्षकाला यजमान होण्याचे आमंत्रण दिले.

'बेंगळुरू' या नावाचीही एक गंमत आहे. राज्य शासनाने शहराचे कन्नड नाव स्वीकारण्याचा मनोदय पूर्वीच जाहीर केला असला, तरी तो बदल अधिकृतपणे अमलात आला १ नोव्हेंबर २०१४ रोजी. संघ त्याआधी सव्वा वर्ष ते नाव धारण करून होता, आणि 'बंगलोर' हे नाव असलेल्या मैदानावर खेळत होता. शहराला जे नाव कागदोपत्री मिळायचे होते ते संघाने आधी उच्चारले, आणि विजेतेपदही त्याच नावाने नोंदले गेले. मराठीने मात्र 'बंगळूर' म्हणताना इंग्रजी वळण कधी फारसे मनावर घेतलेले नव्हते.

आता प्रश्न असा की हे आमंत्रण कोणत्या शहराला होते? येथे जयनगर ध्यानात घ्यावे लागते. दक्षिण बंगळूरमधील ही वसाहत १९४८ साली आखली गेली. जयचामराज वडेयर यांच्या नावावरून तिचे नाव पडले. ब्लॉकांत विभागलेली, रुंद रस्त्यांची, मध्यमवर्गीय घरांची ही वसाहत जुन्या पेठेच्या दक्षिणेला, बसवनगुडीला लागून वाढली. ती आखली जात होती तेव्हा बंगळूर हे व्यवहारात एक शहर नव्हते. पेठेचे शहर आणि ब्रिटिश लष्कराची छावणी यांच्या नगरपालिका वेगळ्या होत्या, आणि त्यांचे एकत्रीकरण १९४९मध्ये झाले. एक महानगरपालिका झाल्याने दोन स्मृती एक झाल्या नाहीत. फुटबॉल छावणीचा खेळ होता. अलसूर, ऑस्टिन टाउन, मर्फी टाउन, गौतमपुरा या तमिळ, उर्दू, इंग्रजी बोलणाऱ्या वस्त्यांत तो रुजला. गौतमपुऱ्यात तर पेलेचा पुतळा उभा आहे. पेठेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला क्रिकेट होते. अनिल कुंबळे बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कूलचे विद्यार्थी, ही माहिती त्या बाजूला कोणी सांगावी लागत नाही. फुटबॉलच्या नकाशावर जयनगर हे रिकामे पान होते असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१९४८ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. जयनगर त्या वर्षी आखले गेले. त्याच वर्षी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना शहरात सुरू झाला. पुढे त्याचा फुटबॉल संघ नावारूपाला आला. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा पहिला सामना फ्रान्सविरुद्ध झाला. भारत १-२ असा हरला, दोन पेनल्टी वाया गेल्या, बहुतेक खेळाडू अनवाणी होते. आणि भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामन बंगळूरचे होते. त्याच संघातील अहमद खान हेही बंगळूरचे. ते पुढे कलकत्त्याला ईस्ट बंगालच्या प्रसिद्ध पाच आघाडीवीरांपैकी एक झाले, आणि बंगाली प्रेक्षकांनी त्या पाचांना 'पंचपांडव' म्हटले. एक मुसलमान खेळाडू, कन्नड-तमिळ-उर्दूच्या छावणीत वाढलेला, बंगाली मुखातून पांडव होतो : महाभारताच्या उपयोजनाचा हा प्रकार पुराणकथांच्या अभ्यासात क्वचितच नोंदला जातो. आणि त्याच १९४८ साली मुंबईच्या कूपरेजवर बंगलोर मुस्लिम्स या संघाने अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवून रोव्हर्स चषक जिंकला.

रोव्हर्स चषकाचा उल्लेख येथे प्रासंगिक नाही. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा पहिली चार दशके आणि वर ब्रिटिश पलटणींची मिरास होती. १९३७मध्ये बंगलोर मुस्लिम्सने कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून ती मोडली, आणि १९३८मध्ये चषक राखला. म्हणजे बंगळूरच्या फुटबॉलला देशपातळीवरची पहिली ओळख मराठी भाषकांच्या राजधानीत, मुंबईच्या मैदानावर मिळाली. आणि ती एका वस्तीच्या, एका समुदायाच्या नावाने मिळाली. म्हैसूर राज्याच्या संघाने संतोष करंडक चार वेळा जिंकला, शेवटी १९६८-६९मध्ये. त्यानंतर कर्नाटकाला तो मिळण्यास मार्च २०२३ उजाडावा लागला. मधल्या चोपन्न वर्षांत खेळ कारखान्यांच्या संघांनी जिवंत ठेवला. आयटीआय आणि एचएएल यांत खेळाडूला नोकरी होती, संध्याकाळचा सराव होता, निवृत्तीनंतर वेतन होते. राष्ट्रीय साखळी १९९६-९७मध्ये सुरू झाली तेव्हा देशभर या नोकरीच्या फुटबॉलचा पायाच हलू लागला होता. एचएएलचा संघ २०१०-११ आणि २०११-१२ असे दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळला, तोही अशोकनगरच्याच मैदानावर, आणि खालच्या श्रेणीत घसरला. २०१२-१३मध्ये बंगळूरचा एकही संघ अव्वल साखळीत नव्हता. बेंगळुरू एफसी आली ती या रिकाम्या झालेल्या जागी.

हे वेस्टवूड आणि त्यांच्या खेळाडूंचे कर्तृत्व कमी लेखण्यासाठी सांगितलेले नाही. नव्या संघाची शिस्त, तयारी आणि प्रेक्षकाशी वागण्याची रीत ही भारतीय फुटबॉलला खरोखरच नवी होती. परंतु एकाच मैदानावर दोन वर्षांच्या अंतराने एक संघ घसरतो आणि दुसरा अजिंक्य होतो, तेव्हा पहिल्याची स्मृती दुसऱ्याच्या कथेत का उतरत नाही, हा इतिहासाचा प्रश्न उरतोच. याचे एक उत्तर नावात आहे. कारखान्याच्या संघाची स्मृती कामगार वसाहतीची होती आणि बंगलोर मुस्लिम्सची एका समुदायाची. 'शहर' हे नाव घेणाऱ्या संघाला ती स्मृती फार स्थानिक वाटली असणे शक्य आहे. शहराचे नाव सर्वांचे असते, म्हणून ते कोणाचेच विशेष ऋण मानत नाही.

उलट बाजूने पाहिले तर याच विस्मरणामुळे जयनगरसारख्या वसाहतीला संघात प्रवेश मिळाला, हेही मान्य केले पाहिजे. छावणीच्या एखाद्या वस्तीचा संघ हा दक्षिणेकडच्या क्रिकेटप्रेमी घरातील मुलाला 'आपला' म्हणता आला नसता. शहराचा संघ म्हणता आला. या हंगामातील घरचे सामने अशोकनगरात झाले. जयनगराहून तेथे जायचे ते रस्त्याने, संध्याकाळच्या वाहतुकीतून. मेट्रो तेव्हा जयनगरला पोहोचलेली नव्हती. मैदानाच्या पश्चिम बाजूस उभ्या राहणाऱ्या समर्थकांनी 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' हे नाव घेतले. इंग्लंडच्या प्रेक्षागारांतून दूरचित्रवाणीवाटे आलेल्या चाली, इंग्रजी शब्द, मध्येच कन्नड घोषणा, असे त्यांच्या गाण्यांचे मिश्रण होते. अशा मिश्रणाला उसने म्हणून मोडीत काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. याच शहरात सतराव्या शतकात शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये यांनी 'राधामाधवविलासचंपू' रचला, आणि त्यात संस्कृताबरोबर अनेक देशी भाषांना जागा दिली, वि. का. राजवाडे यांनी तो संपादून प्रकाशात आणला. दरबारी चंपू आणि प्रेक्षागारातील घोषणा यांची प्रतवारी एक नाही, हे उघड आहे. पण अनेक भाषकांना एका आश्रयाखाली बोलते करण्याची गरज या शहराला नवी नाही, एवढे त्यावरून ध्यानात येते. कन्नडातील 'नम्म' आणि खासीतील 'लाजोंग' हे एकाच साखळीत भेटलेले समानार्थी शब्द आहेत, आणि दोन्हींचा प्रश्न तोच आहे : आपला म्हणजे कोणाचा?

विजेतेपद फातोर्ड्यावर निश्चित झाले, ही गोष्ट बंगळूरच्या वृत्तांतात स्थळाच्या तपशिलापुरती येते. गोव्याच्या बाजूने तिचा अर्थ फार वेगळा होता. आय-लीग २००७-०८मध्ये नव्या नावाने सुरू झाल्यापासून सहाही विजेतेपदे गोव्याला गेली होती : डेम्पो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. सातव्या वर्षी ही परंपरा खंडित झाली ती गोव्यातच आणि तीन वेळच्या विजेत्या डेम्पोविरुद्ध. त्यानंतर गोव्याकडे हे अजिंक्यपद परतले नाही. चर्चिल, रांगदाजिएद आणि कोलकात्याचा युनायटेड एससी यांना परवान्याच्या अटी पूर्ण न केल्याने पुढच्या हंगामात स्थान मिळाले नाही. मोहमेडन स्पोर्टिंग खालच्या श्रेणीत गेला. २०१६मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी साखळी सोडली. चर्चिल नंतर परतले, पण घराण्यांच्या नावांचे युग संपले होते.

शहराच्या नावाने आलेल्या दुसऱ्या दोन संघांचे काय झाले, हे महाराष्ट्राने विचारायला हवे होते. ते फारसे विचारले गेले नाही. २०१२-१३मध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी पुण्यातच २०१४-१५चा एक हंगाम खेळून संपला. मुंबई एफसी २०१७मध्ये तळाला राहिला आणि थांबला. त्याआधी २००५-०६चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड २०१०मध्ये कंपनीच्या निर्णयाने विसर्जित झाला होता. क्रिकेटचा प्रत्येक सामना शब्दबद्ध करणाऱ्या मराठी क्रीडालेखनाने या संघांची मृत्युलेखाइतकीही नोंद ठेवल्याचे सहसा दिसत नाही. बेंगळुरूला जे साधले ते पुण्याला का साधले नाही, याचे उत्तर संघांच्या गुणवत्तेत शोधून हाती लागणार नाही. दोन्ही संघ सुसंघटित होते. भेद होता तो मालकाच्या टिकाऊपणात. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, पुण्यात दुसराच संघ उभा राहिला, आणि आधीच्या संघामागच्या उद्योगसमूहाला चालू ठेवण्याचे कारण उरले नाही. बंगळूरला तशी स्पर्धक संस्था आली नाही.

बेंगळुरू पुढच्या हंगामात कांतीरवा मैदानावर गेला. ३१ मे २०१५ रोजी तेथे अखेरच्या सामन्यात मोहन बागानला विजेतेपदासाठी बरोबरी पुरेशी होती, आणि शेवटच्या काही मिनिटांत बेल्लो रझाक यांच्या गोलने ती साधली. साखळी जशी देते तशी काढून घेते, ती अशी. २०१५-१६मध्ये विजेतेपद परत आले. ५ नोव्हेंबर २०१६ रोजी संघ दोहा येथे एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यात इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०-१ असा हरला. जून २०१७मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका जयनगरपर्यंत आणि पुढे येलचेनहळ्ळीपर्यंत सुरू झाली. जयनगरच्या प्रेक्षकाला गाडी बदलून का होईना, कांतीरवाजवळच्या कब्बन पार्क स्थानकात उतरण्याची सोय झाली. आणि त्याच वर्षी संघाने आय-लीग सोडून इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश केला. २०१८-१९मध्ये ती स्पर्धाही त्याने जिंकली. ज्या साखळीत त्याचा जन्म झाला होता ती मात्र २०२२-२३पासून दुसऱ्या श्रेणीची ठरली.

जुलै २०२५मध्ये महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराचे भवितव्य अनिश्चित असल्याने इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित ठेवण्यात आला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मुख्य संघातील खेळाडू आणि कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. त्या खेळाडूंमध्ये २०१३चे कर्णधार सुनील छेत्री अजूनही होते. एचएएलच्या खेळाडूला अशा वेळी परत जायला कारखाना होता.